इथं कोण रडणार?

मोहिते मिस निवृत्त झाल्या त्या आठवड्यात शाळेच्या जुन्या पालकांच्या ग्रुपवर हात जोडल्याच्या चित्रांचा पाऊस पडला. कुणी लिहिलं, 'आदर्श शिक्षिका'. कुणी लिहिलं, 'आमच्या मुलींचं प्रेरणास्थान'. ज्यांच्या मुली कधी बसच्या मागेही धावल्या नाहीत, त्यांनीही गुलाबाचे गुच्छ पाठवले. मी काही लिहिलं नाही.

बायकोनं विचारलं, "तुम्ही नाही काही टाकलं?"

"माझं त्यांच्याशी भांडण आहे."

"अजून?"

"अजून."

ती हसत आत गेली. तिला वाटतं, माझी सगळी भांडणं सारखीच असतात. तसं नाही. मी पुठ्ठ्याची खोकी बनवतो, बेंगळुरूजवळ बोम्मसंद्र्याला माझा छोटा कारखाना आहे. भांडल्याशिवाय इथं कागद मिळत नाही आणि ओरडल्याशिवाय गिऱ्हाईक पैसे देत नाही. ती भांडणं संध्याकाळी घरी येईपर्यंत विरून जातात. मोहिते मिसशी असलेलं भांडण विरलं नाही, कारण त्या कधी भांडल्याच नाहीत. आता ग्रुपवर त्यांचा फुलांनी झाकलेला फोटो पाहिला आणि वाटलं, ही बाई अशी नव्हती. तेवढं तरी कुणीतरी लिहायला हवं.

क्रॉस कंट्रीच्या कोच म्हटल्यावर ट्रॅकसूट घातलेली, सडपातळ, गळ्यात स्टॉपवॉच लटकवलेली बाई डोळ्यांसमोर येते. मोहिते मिस जाड होत्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत उकडलेल्या शेंगा, गुळाचे खडे, सुई-दोरा, आणि एक शिट्टी, जी वाजलेली मी कधी ऐकली नाही. त्या स्वतः आयुष्यात कुठली शर्यत धावल्या नव्हत्या. "आमच्या वेळेला मुलींना लंगडी होती, अण्णा. लंगडीत मी बरी होते," एवढंच त्यांचं क्रीडाजीवन.

त्याही आमच्यासारख्याच. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं मराठी घर. घरात मराठी, बाजारात कन्नड, राग आला की दोन्ही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी त्यांना अक्का म्हणत होतो आणि त्या मला अण्णा. मुलींसाठी मात्र त्या मोहिते मिस, किंवा नुसत्याच मिस.

पहिल्यांदा त्या आमच्या घरी आल्या तेव्हा माझी मुलगी केतकी आठवीत होती. चहा घेतला, घर पाहिलं, आणि म्हणाल्या, "तुमची मुलगी जिना कसा चढते, बघितलंय कधी?"

"जिना?"

"एक पायरी सोडून. दप्तरासकट. वर पोचल्यावर धापा टाकत नाही, इकडंतिकडं बघते. तिला मला द्या."

मी व्यापारी माणूस. म्हटलं, "देऊ म्हणजे? काय मिळणार तिला?"

"भूक लागेल."

"मेडल वगैरे?"

"तेही कधीकधी. पण भूक नक्की."

मी घासाघीस सुरू केली. आठवड्यातून तीनच दिवस येईल. "सरी," त्या म्हणाल्या. शनिवारी ट्यूशन आहे, शनिवार जमणार नाही. "सरी." परीक्षेच्या आधी महिनाभर बंद. "सरी." मी खूश. वाटलं, इतका सोपा सौदा बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. महिन्याभरानं लक्षात आलं की केतकी रोज जाते आहे, ट्यूशन रविवारवर गेली आहे, आणि हे सगळं केतकीनं आपणहून ठरवलं आहे. इथं सरी म्हणजे ठीक, बरं. मोहिते मिसच्या तोंडी मात्र तो होकार नसायचा. तुमचं ऐकलं, एवढी पोच असायची.

शाळा इंदिरानगरच्या एका आतल्या रस्त्यावर. इमारत आहे, मैदान नाही. जिथं पूर्वी मैदान होतं म्हणतात तिथं आता शाळेचीच दुसरी इमारत आहे. मी एकदा विचारलं, "एवढे खेळ असताना हाच का धरलात?"

"मैदान नाही म्हणून. मैदान असतं तर खो-खो शिकवला असता. या खेळाला मैदान लागत नाही, दुसऱ्याचं शेत लागतं."

शहराबाहेर, आनेकलच्या बाजूला त्यांच्या आतेभावाची रागीची, म्हणजे नाचणीची, शेती होती. शनिवारी मुलींना तिकडं न्यायच्या. बाकीचे दिवस इंदिरानगरच्या गल्ल्या. उजाडताना मुली पुढं धावायच्या आणि मागून जुन्या स्कूटरवर मिस. गल्ल्यांत कुत्री फार. धावणारं माणूस दिसलं की कुत्र्याला चेव येतो. दुसरा कुणी असता तर त्यानं पालिकेला फोन केला असता, नाहीतर काठी घेतली असती. मिस मुलींच्या आधी एक फेरी स्कूटरवर मारायच्या आणि प्रत्येक गल्लीच्या म्होरक्या कुत्र्याला बेकरीतला बन द्यायच्या. सगळ्यांना नाही, फक्त म्होरक्याला.

मी म्हटलं, "अक्का, हा हप्ता झाला."

"झाला ना. तुम्ही नाही देत बोम्मसंद्र्यात?"

"मी कमी करून घेतो."

"मग या एक दिवस. त्या तपकिरी कुत्र्याशी बोला. दोन बन मागायला लागलाय."

अशा त्या बोलायच्या. चेहरा हलायचा नाही, नंतर बऱ्याच वेळानं आपल्याला कळायचं की आपल्यावर विनोद झाला.

त्यांच्याकडं स्टॉपवॉच नव्हतं हे मला सुरुवातीला खटकायचं. केतकी किती वेळात धावली, मागच्या महिन्यापेक्षा सुधारली का, हे विचारलं की त्या म्हणायच्या, "मागच्या महिन्यात ते शेत नांगरलेलं होतं, आता पीक आहे. कशाशी लावून बघू?" या खेळात विक्रम नसतो म्हणे. प्रत्येक वाट वेगळी, चिखल वेगळा, चढ वेगळा. इथला वेळ तिथं चालत नाही. फक्त त्या दिवशी, त्या वाटेवर, कोण कुणाच्या पुढं, एवढाच हिशोब. ज्या मालाला बाजारभाव नाही तो माल मला कळत नाही. पण केतकी रात्री चार भाकऱ्या खाऊ लागली होती, आणि आरशासमोरचा तिचा वेळ कमी झाला होता. म्हणून मी गप्प बसलो.

आता भांडणाकडं येतो.

क्रॉस कंट्रीत नुसती एक मुलगी जिंकत नाही, संघ जिंकतो. शाळेच्या सहा मुली धावतात, त्यांतल्या पहिल्या चौघींचे नंबर धरतात. ते नंबर मिळवायचे, ज्या शाळेची बेरीज सर्वांत कमी ती पहिली. म्हणजे तुमची एक मुलगी पहिली आली आणि चौथी पार मागं राहिली तर त्या पहिलीचा काही उपयोग नाही. मोहिते मिसना म्हणूनच पहिलीत फारसा रस नसे. सरावात कधीही गेलो तरी त्यांचा एकच प्रश्न कानावर यायचा: "चौथी कुठं आहे?" धुक्यातून मुली येताना दिसल्या की त्या बोटानं मोजत, चारवर थांबत, आणि दोन मुलींमधलं अंतर बघून तोंड वाकडं करत.

केतकी पहिली असायची. चौथी असायची नंदिनी.

नंदिनीचे वडील रिक्षा चालवायचे. मुलगी काटक, काळीसावळी, फार बोलायची नाही. तिची एकच खोड, सुरुवातीलाच जीव खाऊन धावायची आणि अर्ध्या वाटेवर संपायची. मिस ओरडून ओरडून थकायच्या, "मेल्लगे, नंदिनी, मेल्लगे!" सावकाश, सावकाश. सावकाश जाणं तिला जमायचंच नाही. माझं आणि नंदिनीचं काही वैर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

केतकी नववीत असताना जिल्ह्याची शर्यत होती. नियम असा, की जिंकणारा संघ राज्याच्या शर्यतीला जाणार, आणि शिवाय पहिल्या सहा मुली, त्या कुठल्याही संघातल्या असोत. म्हणजे केतकीला राज्याला जायचे दोन रस्ते होते. त्यांतला दुसरा तर तिच्या खिशात होता, सगळ्यांनाच माहीत होतं. राज्याचं प्रमाणपत्र म्हणजे पुढं कॉलेजच्या प्रवेशाला आधार. आमच्या घरात मी एकटाच कसाबसा बारावीपर्यंत शिकलेला. मुलीला चांगल्या कॉलेजात ताठ मानेनं जाता यावं, एवढीच माझी इच्छा होती.

शर्यत सुरू झाली. पहिल्या वळणाला केतकी कुठं दिसेना. दुसऱ्या वळणाला दिसली, घोळक्याच्या मधोमध, नंदिनीच्या खांद्याला खांदा लावून. मी घसा फाडून ओरडलो, "केतकी! पुढं हो!" तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तळ्याच्या बांधापर्यंत ती तशीच, शेजारून, नंदिनीला धरून ठेवल्यासारखी धावली. बांधावरून सुटली. पण बांधानंतर पायवाट अरुंद. पुढच्या मुलींना ओलांडायला जागाच नव्हती. ती सातवी आली. नंदिनीनं तिच्या आयुष्यातला सर्वांत चांगला नंबर काढला. संघ थोडक्यात दुसरा. दोन्ही रस्ते बंद.

घरी येताना केतकीनं सांगितलं, "मिसनी सांगितलं होतं, बांधापर्यंत नंदिनीला सोडायचं नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. वाटेत सगळी वाक्यं तयार केली होती. खेळाचं सामान ठेवायच्या खोलीत त्या खाली बसून कसल्यातरी शर्यतीसाठी मुलींच्या बनियनवर नंबरची कापडं शिवत होत्या. टाचण्या लावलेल्या त्यांना चालायच्या नाहीत, धावताना टोचतात म्हणून.

"बसा, अण्णा. एवढी सुई ओवून द्या, मला हल्ली दिसत नाही."

मी सुई घेतली. दोरा ओवता ओवता ओरडायला सुरुवात केली. माझ्या मुलीचं वर्ष गेलं. दुसऱ्याच्या मुलीसाठी माझ्या मुलीला का थांबवलं? तुम्हाला हक्क काय? ती राज्याला गेली असती, डोळे झाकून गेली असती. खोलीच्या दाराशी दोन-तीन शिक्षक येऊन उभे राहिले.

मिसनी माझ्या हातातून सुई घेतली. म्हणाल्या, "खरं आहे. निर्णय माझा होता. मला वाटलं बांधानंतर वाट रुंद असेल. चुकला."

मी थांबलो. मला वाटलं होतं, त्या संघाचं काहीतरी ऐकवतील, खेळाडूवृत्ती वगैरे. त्यावर माझी उत्तरं तयार होती. समोरच्यानं पहिल्याच बोलीला सगळं मान्य केलं की मग घासाघीस कशाची करायची?

"मग आता?" मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"आता काय. वाट मी आधी बघायला हवी होती तशी बघितली नाही. पुढच्या वर्षी ही चूक होणार नाही. दुसरी होईल."

"पुढच्या वर्षी केतकी मोकळी धावणार. कुणाला धरून नाही. शब्द द्या."

"सरी."

"सरी नको, अक्का. नीट सांगा."

त्यांनी दोरा दातानं तोडला. "पुढच्या वर्षी तुमची मुलगी मोकळी धावेल. मी तिला काही सांगणार नाही. शब्द."

माझ्या धंद्यात शब्द देणारे खूप भेटले. कागदावर सही करून फिरणारेही भेटले. मोहिते मिसनी तो शब्द वर्षभर असा पाळला की मलाच त्याचा त्रास होऊ लागला. सरावात त्या केतकीला खरंच काही सांगत नसत. बाकीच्या पाचजणींना ओरडा, टोमणे, शेंगा, गूळ. केतकीला शेंगा आणि गूळ मिळे, ओरडा मिळत नसे. केतकी एकदा घरी म्हणाली, "मिस माझ्यावर चिडत नाहीत आता."

"चांगलं आहे की," मी म्हणालो.

ती दप्तर उचलून आत गेली.

दहावीचं वर्ष म्हणजे शाळेतलं शेवटचं. यंदा राज्य गाठलं नाही तर मग कधीच नाही. शर्यत आनेकलच्या पलीकडं, एका नीलगिरीच्या बनात आणि आजूबाजूच्या शेतांत. मी कारखाना एक दिवस बंद ठेवला आणि आदल्या दिवशीच मुलींबरोबर तिकडं गेलो. मनात हे, की ऐनवेळी शब्दाची कुठं गळती होत नाही ना बघावं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मोहिते मिस मुलींना सगळी वाट पायी दाखवायच्या. आधीच्या वर्षी पावसामुळं ते राहिलं होतं, आणि त्या चुकीची शिक्षा म्हणून की काय, यंदा त्यांनी अगदी तपशिलात दाखवली. तीही उलटी, शेवटाकडून सुरुवातीकडं. "शेवट ओळखीचा असला की पाय घाबरत नाहीत," असं त्यांचं म्हणणं. साडी वर खोचून, ढेकळांतून डुलत त्या पुढं, मागं सहा मुली, आणि सर्वांत मागं मी, माझे नवे बूट सांभाळत.

एका चढाशी त्या थांबल्या. वळून म्हणाल्या, "इथं कोण रडणार?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण एका मुलीनं शांतपणे हात वर केला. "मी, मिस. चढाला माझं पोट दुखतं."

"सरी. रडून घे, पण थांबायचं नाही. वर पोचलीस की उतार आहे, तिथं डोळे पूस."

पुढं एका मोकळ्या, उन्हाच्या पट्ट्यात परत तोच प्रश्न. दुसऱ्या मुलीचा हात. तिला म्हणे लांबून पुढच्या मुली दिसल्या की धीर सुटतो. "मग खाली बघ. दहा पावलांपुरतं बघ," मिस म्हणाल्या. हे सगळं अशा व्यवहारी आवाजात, जसं बाजारात कुणाला कुठली भाजी हवी ते विचारावं.

मी न राहवून म्हणालो, "अक्का, शर्यतीच्या आधीच पोरींना रडायला काय शिकवता?"

"शिकवत नाही, अण्णा. रडतातच. जागा ठरवलेली असली की तिथंच रडतात, सगळ्या वाटेवर नाही."

नीलगिरीच्या बनाच्या मागं एक ओहळ होता. पाणी कमी, चिखल जास्त. बाकी सगळ्यांपासून लांब, तिथून शर्यतीची सुरुवातही दिसत नव्हती आणि शेवटही. तिथं नंदिनीनं हात वर केला. "इथं, मिस."

"का ग?"

"इथं कुणी नसतं."

मिसनी मान डोलावली. मग केतकीकडं पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच. "आणि तू? तू अजून कुठंच हात वर नाही केलास."

"मी कुठंच नाही रडणार, मिस."

मला अभिमान वाटला. मिस तिच्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिल्या. "सरी," म्हणाल्या, आणि चालू लागल्या.

शर्यतीच्या दिवशी शेवटच्या दोरीशी सगळे पालक उभे होते. पाण्याच्या बाटल्या, फोन, नावांचे फलक. मी सर्वांत पुढं, कोपरं मारून जागा घेतलेली. केतकी या वर्षी बंदुकीच्या आवाजाबरोबर सुटली आणि घोळका मागं टाकून निघून गेली. मग बराच वेळ काहीच दिसत नाही, हा या खेळाचा मोठा दोष आहे. माणूस नुसता उभा राहतो आणि झाडांकडं बघतो. शेवटी बनातून एक मुलगी बाहेर आली, दुसरी आली, आणि तिसरी केतकी. मी काय ओरडलो आठवत नाही. नंतर दोन दिवस माझा आवाज बसला होता. तिसरी! राज्य नक्की. मी तिला उचललं, ती घामानं निथळत होती, "बाबा, सोडा, चक्कर येईल," म्हणत होती.

मग मी मिसना शोधू लागलो. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. दोरीशी नव्हत्या. पंचांच्या तंबूत नव्हत्या. आमच्या शाळेची दुसरी मुलगी आली, तिसरी आली. चौथी येईना. दुसऱ्या शाळांच्या मुली येत राहिल्या. फार वेळानं नंदिनी आली, गुडघ्यापर्यंत चिखल, धावत होती पण ते धावणं नावाला. चार नंबरांची बेरीज झाली. आमचा संघ पहिल्या तिनातही नव्हता. आणि तिच्याही मागून, बनातून, पदर खोचलेल्या मोहिते मिस चालत आल्या. त्या सगळा वेळ त्या ओहळापाशी उभ्या होत्या.

मी मैसूरपाकाचा डबा आणला होता. मुलींना वाटला. पाचही जणींनी एकेक तुकडा घेतला, "थँक्यू अंकल" म्हणाल्या, आणि हातात धरून बसल्या. कुणी खाल्ला नाही. मिसनी घेतला, अर्धा मोडून तोंडात टाकला.

"छान धावली म्हणे केतकी," त्या म्हणाल्या.

"म्हणे?"

"पंच सांगत होते. शेवटी शेवटी फार छान धावली म्हणे."

"तुम्ही पाहिलं नाही?"

"नाही, अण्णा. मी तिकडं होते."

एवढंच माझं भांडण आहे. लोकांना वाटतं ते नववीतल्या शर्यतीवरून आहे. ते तर केव्हाच फिटलं, त्यांनी शब्द पाळला. पण तीन वर्षं तुमच्या हाताखाली धावलेली मुलगी तिच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीच्या शेवटाला येते, आणि तुम्ही चिखलाशी उभ्या राहून जी येत नाही तिची वाट बघता. मुलीनं रडणार नाही म्हटलं म्हणून काय तिच्यासाठी कुणी उभं राहायचं नाही? हे मी त्यांना तिथंच विचारायला हवं होतं. आवाज बसला होता. आणि तेवढ्यात त्यांनीच दुसरा विषय काढला.

इंदिरानगरच्या एका हॉटेलात मी दोन टेबलं सांगून ठेवली होती. माझे भाऊ, मेव्हणे, सगळे येणार होते. केतकी माझ्या गाडीत पुढं बसलीसुद्धा होती. मिस खिडकीशी आल्या.

"अण्णा, तिला बसमधून येऊ द्या."

"आता कशाला? लोक वाट बघतायत."

"बसमध्ये पाचजणी आहेत. उद्या वर्गात समोरासमोर यायच्याच आहेत. त्याआधी एकदा बसमध्ये येऊ देत."

"नाही, अक्का. उशीर होईल."

"बरं, चंदापुरापर्यंत. तिथून घ्या तुमच्या गाडीत."

"नाही."

"मग निदान फाट्यापर्यंत. स्वल्प दूर. तुम्ही म्हणाल तिथं उतरवते."

इतक्या वर्षांत ही बाई माझ्याशी पहिल्यांदाच घासाघीस करत होती, आणि तिला ती अजिबात येत नव्हती. एका दमात तिनं आपली शेवटची बोली सांगून टाकली होती. असं गिऱ्हाईक मी हसत हसत उभं आडवं कापतो. मी तोंड उघडलं, तोवर गाडीचं दुसरं दार उघडल्याचा आवाज आला. केतकी उतरली होती. माझ्याकडं न बघता ती बसच्या पायऱ्या चढली. एकेक पायरी, दमलेल्या माणसासारखी.

मिस म्हणाल्या, "सरी, अण्णा," आणि तिच्या मागून चढल्या.

नंतर परीक्षा आल्या, केतकीची शाळा संपली. तिच्या निरोप समारंभाच्या दिवशी मिसच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, त्या आल्या नाहीत. राज्याच्या शर्यतीला शाळेनं दुसऱ्या सरांना पाठवलं होतं. केतकी आता कॉलेजात आहे, मला हव्या होत्या त्या कॉलेजात. म्हणजे मी मोहिते मिसना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी, आनेकल रोडवर.

शाळेची मिनी बस पुढं, मी तिच्या मागं. तिला ओलांडून हॉटेलात जाऊन बसता आलं असतं, पण मुलगी त्या बसमध्ये होती. मागच्या काचेतून आतलं सगळं दिसत होतं. पाचजणी पुढं, दोन बाकांवर दाटीवाटीनं. केतकी सर्वांत मागच्या बाकावर, एकटी, खिडकीला डोकं टेकून. बराच वेळ कुणी हललं नाही. बस खड्ड्यातून गेली की सगळी डोकी एकदम हलायची, तेवढंच. मी जवळ गेलो. आणखी जवळ गेलो. मग पुढून नंदिनी उठली, दांड्या धरत धरत मागं आली आणि केतकीच्या शेजारी बसली. केतकीचं डोकं खिडकीवरून हललं आणि खाली गेलं, दिसेनासं झालं. तिचे खांदे हलत होते. मी हॉर्न दिला. का दिला ते माहीत नाही.

तेव्हा मोहिते मिस उठल्या. मागच्या काचेशी आल्या आणि माझ्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांच्या रुंद पाठीनं सगळी काच भरून गेली, आत काही दिसेना. मी परत हॉर्न दिला. त्यांनी वळून पाहिलं नाही. फक्त एक हात पाठीमागं आणला, पंजा माझ्याकडं करून, आणि दोनदा सावकाश मागं ढकलल्यासारखा हलवला. मागं राहा, अण्णा. अंतर ठेवा.

मी ब्रेक दाबला. मधे एक रिक्षा शिरली, मग एक दुधाची गाडी, आणि चंदापूर येईपर्यंत ती बस माझ्या नजरेआड झाली होती.